एका कपात एकच

१

गावात त्याला कवळीवाला म्हणत, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, कारण तो कवळ्याच बनवायचा. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे त्याच्या लॅबमध्ये येत. तो त्यांत प्लास्टर ओती, मेणात एकेक दात बसवी, घासूनपुसून चकाकी आणी. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे," हा त्याचा ठेवणीतला विनोद. बायको तो ऐकून ऐकून विटली होती. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. "दात तुझ्याकडे, हाडं माझ्याकडे," ती म्हणे, "आपल्या घरात माणूस पूर्ण व्हायला आता फक्त कातडीच कमी आहे."

त्यांना जुळ्या मुली होत्या, पाच वर्षांच्या. एकमेकींच्या पाठोपाठच जन्मलेल्या, पण तेवढ्यावरून एक कायमची थोरली झाली होती आणि एक धाकटी. थोरली बोलकी, धाकटी नुसती बघणारी. दोघी एकाच पलंगावर झोपत आणि झोपेत एकीचा हात दुसरीच्या तोंडावर नाही असं सहसा होत नसे.

कवळीवाल्याला नाद एकच, विषारी बेडकांचा. हे ऐकून नवा माणूस दचके. मग तो समजावून सांगे की हे बेडूक रानात विषारी असतात, कारण तिथे ते तसलेच किडे खातात. घरी जन्मून बिनपंखी माश्यांवर वाढलेला बेडूक साबणाच्या वडीइतकाच विषारी. मागच्या खोलीत त्याने काचेची पेटी ठेवली होती. आत शेवाळ, ओली पानं, एक उपडी करवंटी, आणि निळ्याकाळ्या रंगाची एक जोडी, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठी. मादी करवंटीखाली अंडी घाली, नर राखण करी. अंडी फुटायच्या बेताला आली की कवळीवाला ती अलगद बाहेर काढी आणि निघालेली पिल्लं हाताने वाढवी. शाळेच्या पुस्तकात ह्या पिल्लांना भैकेर म्हणतात, बाकीचं जग टॅडपोल म्हणतं. मुलींनी त्यांना शेपटे म्हणायला सुरुवात केली, एकाला शेपट्या, आणि घरात तेच रूढ झालं.

शेपट्यांच्या बाबतीत नियम एकच होता. एका कपात एकच. दवाखान्यात चूळ भरायला देतात तसले पारदर्शक कप वरच्या फळीवर ओळीने मांडलेले असत. प्रत्येकात बदामाच्या वाळलेल्या पानाचा एक तुकडा, त्यामुळे पाण्याला कोऱ्या चहाचा रंग. संध्याकाळी लॅबमधून आला की हातपाय धुऊन तो मागच्या खोलीत जाई, पिचकारीने तळाची घाण ओढून घेई, तेवढंच नवं पाणी घाली आणि चिमटीभर खाणं टाकी. कुणाला मागचे पाय फुटलेत, कुणाची शेपटी जिरू लागलीय, ते मुलींना स्टुलावर चढवून दाखवी.

पहिल्या खेपेला हा नियम त्याला माहीत नव्हता. दोघांना एकत्र ठेवलं आणि सकाळी पाहिलं तर एकच उरला होता, तोही जरा जाड झालेला.

"दुसरा कुठे गेला?" थोरलीने विचारलं.

"ह्याच्या पोटात."

"पण तो ह्याचा भाऊ होता ना?"

"हो, भाऊच होता."

बायकोने डोळे वटारले. "अगं, खोटं कशाला सांगू?" तो म्हणाला.

धाकटीने कपाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि तिच्याचकडे बराच वेळ बघत राहिली.

२

एका सकाळी कवळीवाल्याने दात घासून पेला तोंडाला लावला आणि तसाच थांबला. पेल्यात शेपट्या होता.

जिवंत होता. पेल्याच्या तळाशी निवांत पडलेला, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर फळीवरच्या कपांपैकी एक रिकामा होता, म्हणजे शेपट्यापुरता रिकामा, पाणी आणि पान जागच्या जागी.

"हे कुणाचं काम?" त्याने तिथूनच विचारलं.

"माझ्याकडे बघू नकोस," बायको पोळपाटावरून मान न वळवता म्हणाली. "त्यांना हात लावायचा नुसता विचार केला तरी माझ्या अंगावर काटा येतो."

मुलींना विचारलं तर दोघींनी नाही म्हणून माना हलवल्या. स्टूल स्वयंपाकघरात होतं, वर पिठाचा डबा ठेवलेला. त्याशिवाय मुलींचा हात फळीपर्यंत पोचायचा नाही. पण मुली आहेत, काहीतरी शक्कल लढवली असेल, असं म्हणून त्याने शेपट्याला परत कपात सोडला आणि चूळ न भरताच कामावर गेला. लॅबमध्ये हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले. त्यालाही हसू आलं.

मग एक शेपट्या खिडकीतल्या कुंडीखालच्या बशीत सापडला. एक इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडायच्या वाटीत. एक बैठकीच्या खोलीत, फुलदाणीत. दर वेळी वेगळी खोली, दर वेळी एकच शेपट्या, आणि तो ठणठणीत.

फुलदाणीतला काढताना त्याच्या लक्षात आलं की पाण्यात बदामाच्या पानाचा तुकडा आहे. त्याने तो उजेडात धरला. मुली पान कापायला कात्री वापरायच्या. तो मात्र पान शिरेच्या बाजूने दुमडून नखाने फाडायचा, वर्षानुवर्षांची सवय होती ती. हा तुकडा नखाने फाडलेला होता.

३

माणूस विचारी असला की आधी स्वतःवर संशय घेतो. कवळीवाला विचारी होता. आपणच हे करतोय आणि आपल्याला आठवत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. कामाचा ताण होता, झोप कमी होती. दाराला कुलूप लावून नेमकं लावलं की नाही हे आपण विसरतो, त्यातलाच प्रकार. ह्या निष्कर्षाने त्याला बरंही वाटलं. आपल्या हातून होतंय म्हणजे निदान काळजीपूर्वक होतंय.

तरी त्याने बेडूक विकणाऱ्याला फोन लावला. हा म्हातारा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, त्याच्या घरी माणसांपेक्षा बेडूक जास्त होते आणि त्याला त्यांच्याशीच बोलायची सवय असल्यामुळे फोनवरही तो फार हळू बोले.

"पिल्लं हलवतोय कुणीतरी?" तो म्हणाला. "नर पेटीत आहे ना?"

"पेटीतच आहे. झाकण बंद आहे."

"मग प्रश्नच मिटला. नाहीतर ते काम त्याचंच. अंडी फुटली की नर पिल्लांत जाऊन बसतो. ती आपणहून त्याच्या पाठीवर चढतात, चिकटतात. मग हा एकेकाला घेऊन पाणी शोधत हिंडतो. प्रत्येकाला वेगळं डबकं. दिवस दिवस घालवतो त्यात."

"आणि पाणी मिळालं की उतरवतो?"

"उतरवत नाही हो. काठावर पाठमोरा बसतो, मागचं अंग पाण्यात बुडवून. पिल्लाच्या मनात येईल तेव्हा ते उतरतं. घाई केली तर कातडी सोलली जाते." मग म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या घरात एकत्र राहिलेलं अजून काही आहे का?"

"म्हणजे?"

"नाही, सहज विचारलं," म्हातारा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

४

त्यानंतरच्या आठवड्यात बायकोची सुट्टी होती. कवळीवाला दुपारी लॅबमध्ये एका वरच्या जबड्याच्या मापावर काम करत बसला होता, तेव्हा तिचा फोन आला. आवाज चिडका होता, घाबरलेला नव्हता.

"हा काय प्रकार आहे? झोपलेल्या पोरीला उचलून टबात ठेवायचं?"

"कुणी ठेवलं?"

"कुणी म्हणजे? आत्ता येऊन गेलास ना तू!"

झालं होतं ते असं. मुली जेवून झोपल्या होत्या. बायको स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, तेव्हा पॅसेजमधून नवरा जाताना दिसला, पाठमोरा, राखाडी शर्टात, धाकटीला पाठुंगळी घेऊन. तिने हाक मारली. तो थांबला नाही. काहीतरी विसरलं असेल, घाईत असेल, म्हणून तिनेही पुन्हा मारली नाही. भांडी आवरून गेली तर धाकटी कोरड्या टबात उशी घेऊन झोपलेली, आणि घरात दुसरं कुणी नाही.

"मी इथून हललेलो नाही," तो म्हणाला. "शेजारच्या टेबलावर विचार हवं तर."

"घरी ये," बायको म्हणाली.

तो आला तेव्हा धाकटी खुर्चीत बसून पाय हलवत दूध पीत होती.

"तुला टबात कुणी नेलं, बाळा?"

"तू," ती म्हणाली. तिला प्रश्नच वेडगळ वाटला.

"कसं नेलं?"

"पाठीवर. बाबा, तुझी पाठ ओली होती."

रात्रीच्या जेवणाला दोघं समोरासमोर बसली. बायको म्हणाली, "फिल्मवर सावली दिसली की दोनच शक्यता असतात. एक तर आत खरंच काहीतरी असतं. नाहीतर फिल्म खराब असते."

"मग तुझं म्हणणं काय आहे?"

"मी दुसरा फोटो काढते," ती म्हणाली. "कुणाला काही सांगायच्या आधी नेहमी दुसरा काढते."

५

दुसरा फोटो रविवारी निघाला आणि तो कवळीवाल्यानेच पाहिला.

सकाळची वेळ होती. बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. मुली त्यांच्या खोलीत खेळत होत्या. तो मागच्या खोलीत पिचकारी घेऊन कपांची घाण काढत होता. पेटीत नर नेहमीसारखा किरकिरत होता. पॅसेजमध्ये कुणीतरी खाकरलं.

आपला खाकरण्याचा आवाज माणसाला स्वतःला फारसा ओळखू येत नाही असं म्हणतात. कवळीवाल्याला तो तत्क्षणी ओळखू आला. प्लास्टरच्या धुळीने त्याचा घसा कायम खरखरे, आणि दर थोड्या वेळाने तो असा दोनदा खाकरे, दुसऱ्यांदा जरा हलकेच.

दार अर्धवट उघडं होतं. फटीतून पॅसेजचा तुकडा दिसत होता, आणि त्या तुकड्यातून एक पाठ गेली. राखाडी शर्ट, कॉलरपासून कमरेपर्यंत भिजून काळा पडलेला. माणूस खूप वाकून चालत होता, हात जवळजवळ जमिनीला टेकलेले. पाठीवर मूल होतं. मुलाचे पाय दोन्ही बाजूंना लोंबत होते, आणि त्यातल्या एका पायात थोरलीचा पिवळा मोजा होता.

कवळीवाला लगेच धावला नाही. हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही, पण खरं ते खरं. हातातल्या पिचकारीत एक शेपट्या ओढला गेला होता. तो आधी त्याने सावकाश कपात सोडला. जणू जे चाललं आहे तो आपल्या कामाचाच भाग आहे.

मग तो धावला. थोरली टबात बसली होती. नळ चालू होता, पाणी तिच्या कमरेपर्यंत आलेलं.

"बस झालं ना, बाबा?" ती म्हणाली. "तू म्हणालास, पुरे झालं की सांग."

त्याने तिला उचललं. बाथरूममध्ये दुसरं दार नव्हतं, आणि खिडकी एवढीशी की मांजरही बाहेर पडायचं नाही. त्याने पडद्यामागे पाहिलं, दारामागे पाहिलं. मग स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. तो राखाडीच होता, पण कोरडा.

त्याच दिवशी दुपारी म्हातारा गाडी घेऊन आला आणि पेटी, बेडूक, कप, सगळं घेऊन गेला. त्याने कारण विचारलं नाही. फक्त मुली दाराशी उभ्या होत्या त्यांच्याकडे पाहिलं आणि "जुळ्या का?" एवढंच म्हणाला.

६

मागची खोली रिकामी झाली. बायकोने फरशी पुसली, खिडकी उघडी टाकली. काही दिवस घर इतकं सरळ वागलं की दोघांना आपल्याच भीतीची लाज वाटू लागली. कवळीवाला संध्याकाळी घरी येई आणि हातांना काय काम द्यावं ते न कळून टीव्हीसमोर बसे.

मग धाकटीच्या खांद्यावर ती खूण दिसली.

अंघोळ घालताना बायकोला दिसली. तिने हाक मारली, तो आला. गोल, लालसर, दोन अर्धवर्तुळांची. चावा कसा दिसतो हे कवळीवाल्याला शिकवायची गरज नव्हती. त्याने दिवा जवळ आणला, बोटाने कातडी ताणली. दुधाचे दात होते. खालच्या ओळीत डावीकडचा एक दात किंचित आत वळलेला. असा दात घरात एकाच तोंडात होता.

"तुला ताईने चावलं?"

धाकटीने हो म्हटलं, तक्रार न करता.

"भांडलात?"

"नाही. आम्ही झोपलो होतो."

थोरलीला जवळ घेऊन विचारलं. ती रडकुंडीला आली. तिला काही आठवत नव्हतं. "मला भूक लागली नव्हती, बाबा," ती म्हणाली, आणि हे ऐकून बायको उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या सकाळी दुसरी खूण होती, पोटरीवर, आणि ती जास्त खोल होती. कातडी फुटली होती.

"मुलं चावतात," कवळीवाला म्हणाला. "वयच असं असतं."

"तुझा तरी विश्वास बसतोय का ह्यावर?" बायको म्हणाली. तिने धाकटीच्या पायाला पट्टी बांधली, गाठ मारली आणि ती गाठ हातातच धरून बसली. "मला एकच कळत नाही. तो जो कुणी होता, त्याला हे आधीपासून माहीत होतं का?"

कवळीवाल्याच्या मनात आलेला विचार त्याने बोलून दाखवला नाही. तो विचार असा होता, की इतके दिवस घरात एकच माणूस शहाण्यासारखं वागत होता आणि त्यालाच आपण घालवून दिला.

धाकटीला काही दिवस त्याच्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं.

७

बहीण त्याच्याहून बरीच थोरली. कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवायची, एकटी राहायची, आणि जगात कुणाचंही माप एका नजरेत घ्यायची. तिचं घर बागेतल्या तळ्याच्या पलीकडे, चालत जाण्यासारखं.

त्या दिवशी कवळीवाला लॅबमधून जरा उशिराच आला. आभाळ भरलेलं होतं, घरात दिवेलागणीआधीचा अंधार होता. बायको थोरलीला घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसली होती. दोघींना निरोप घ्यायला लावलं तर रडारड होईल, म्हणून हे आधीच ठरलेलं. धाकटीला तिने मागच्या खोलीत गादीवर झोपवलं होतं.

"बॅग दाराशी ठेवलीय," बायको बंद दाराआडून म्हणाली.

दाराशी बॅग नव्हती. ठेवायची राहून गेली असेल, म्हणून त्याने शोधाशोध केली नाही. कपडे उद्या नेता येतील. मागच्या खोलीत दिवा न लावताच तो गादीशी वाकला. पोर डोक्यापर्यंत चादर गुंडाळून पडली होती. त्याला तिला कडेवर घ्यायचं होतं, पण ती झोपेतच पाठीमागून गळ्यात पडली, आणि झोप मोडायला नको म्हणून तो तसाच उठला.

रस्त्यावर त्याला बरं वाटलं. दुकानं उघडी होती, कुणीतरी शटर ओढत होतं, एक बाई कुत्र्याला ओरडत होती. पोर जड लागत होती. वाढतात पोरं, आपल्याला पत्ता लागत नाही, असं मनात येऊन त्याला थोडं वाईटही वाटलं. तळ्याच्या बाजूने जाताना तिने पाठीवर अंग ताठ केलं आणि बारीकशी थरथरली. गारठा असेल. "आलंच आत्याचं घर," तो म्हणाला.

बहिणीने दार उघडलं. हातात कात्री, गळ्यात मापाची टेप, आणि चेहऱ्यावर हसू.

"आता काय विसरलास?"

"म्हणजे?"

"अरे, आत्ता तर येऊन गेलास. पोर दिलीस, बॅग दिलीस. आत ये म्हटलं तर आला नाहीस, पाणी पी म्हटलं तर प्यायला नाहीस. शर्ट तेवढा बदल रे, नखशिखांत भिजला होतास." ती मागे बघत म्हणाली, "ती बघ, बसलीय जेवायला."

स्वयंपाकघराच्या दारातून टेबल दिसत होतं. टेबलाशी धाकटी बसली होती. पोटरीला पट्टी. हातात चमचा. तिने मान वर केली, बापाकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्याच्या वर पाहिलं, आणि चमचा हळूच खाली ठेवला.

बहीणही तिकडेच पाहत होती. तिचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता त्याचं कुणाशी काही देणंघेणं नव्हतं. "हे काय आणलंयस?" असं ती विचारणार होती बहुधा. तिने तसं विचारलं नाही. बिचकलेल्या जनावराशी बोलावं तसं अगदी हळू म्हणाली, "मागे वळू नकोस. आणि हिला इथे उतरवू नकोस."

"ताई..."

"माझं ऐक. जा."

आणि तिने दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने भावाच्या तोंडावर दार लावलं होतं.

८

जिना उतरताना त्याने दोनदा हात मागे न्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा बोटांना चादर लागली. ती ओली होती, आणि तिच्याखाली जे लागलं ते मऊ होतं, पायांसारखं नव्हतं. गळ्याभोवतीची पकड घट्ट नव्हती. खाली पडायची भीती वाटणाऱ्या मुलाची असते तेवढीच होती. त्याने एकदा खांदे झटकून पाहिले. पाठीची कातडी शर्टासकट ओढली गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्याने झटकलं नाही.

घरी जाणं शक्य नव्हतं. घरी एक मुलगी होती. बहिणीकडे एक होती. दोन्ही जागा भरलेल्या होत्या.

बागेत फिरायला आलेली माणसं पावसाच्या भीतीने परतली होती. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, झाडांखाली, पाण्याचा एक चिंचोळा फाटा आत शिरला होता. मासे नसलेला, बदकं न येणारा. कवळीवाला तिथे कसा पोचला ते त्याला सांगता आलं नसतं, पण जागा पाहताच ती बरोबर आहे हे कळलं. तो काठावर पाठमोरा झाला, गुडघ्यांवर बसला, आणि मागे सरकत सरकत कमरेपर्यंत पाण्यात गेला. पाणी गार होतं. मग तो थांबला. घाई करायची नसते हे त्याला ठाऊक होतं.

दिवे लागले. पलीकडच्या रस्त्यावरून बस गेली. त्याच्या मनात लॅबमधल्या अर्धवट राहिलेल्या जबड्याचा विचार आला. तो सोमवारी द्यायचा होता.

केव्हातरी वजन हललं. आधी एक बाजू सुटली, मग दुसरी, आणि गळ्याभोवतीचे हात सगळ्यात शेवटी, एकेक बोट करत. पाठीला एकदम वारा लागला. पाण्याचा आवाज इतका कमी झाला की ऐकला असं शपथेवर सांगता येणार नाही.

त्याने वळू नये असं बहीण म्हणाली होती. पण आपण जे पाण्यात सोडतो ते नीट तरलं की नाही हे पाहायची त्याला सवय होती, आणि तो वळला.

चादर तरंगत दूर चालली होती. तिच्या अलीकडे, पाण्याखाली वीतभर, एक चेहरा त्याच्याकडे वर करून स्थिर होता. चेहरा म्हणण्याइतका तो तयार नव्हता. कपाळ धाकटीचं होतं, हनुवटी कुणाचीच नव्हती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. कवळीवाल्याची नजर धंद्याच्या सवयीने आधी तिथेच गेली. दात अजून आले नव्हते.

तो काठावर चढला. शर्ट पिळला, खिशातला फोन झटकला, रस्त्याकडे वळला. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं हे तो जुळवू लागला आणि ते सहज जुळतही होतं. दोघी सुखरूप आहेत. वेगवेगळ्या जागी आहेत. आता काही होणार नाही.

"बाबा."

हाक मोठी नव्हती. पाण्यातून येणारा आवाज जसा सगळीकडून येतो तशी आली.

"उद्या येशील ना?"

मूल असं विचारतं तेव्हा बाप विचार करून उत्तर देत नाही. कामावर निघताना, शाळेच्या दाराशी, दिवा मालवताना, तो आजवर हजारदा ज्या शब्दाने सुटला होता तोच तोंडातून निघून गेला.

"येईन," कवळीवाला म्हणाला.